भोंगा एकाचा, धाव गावाची

घरफोडीची वर्दी देणारा अलार्म एके काळी बँकेत आणि सराफाच्या पेढीतच असायचा. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता तो फार्महाऊसच्या पडवीत, बंगल्यांच्या स्कीममधल्या रो-हाऊसच्या छज्ज्याखाली, शेतावरच्या मोटारघरात, अगदी किराणा दुकानाच्या शटरवरही दिसतो. यंत्र स्वस्त झालं, ते मोबाइलला जोडता येऊ लागलं आणि शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरं वाढत गेली. हे सगळं साधारण एकाच काळात झालं. बसवणारा माणूस दोन तासांत वायरी ओढतो, हूटर एकदा वाजवून दाखवतो, पैसे घेतो आणि निघतो. हे वाजलं तर येणार कोण, हा प्रश्न त्या दोन तासांत बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

ही पुस्तिका त्या प्रश्नाची आहे. कोणता अलार्म घ्यावा, कितीला मिळतो, हे सांगणारे दुकानदार भरपूर आहेत. इथे विचार आहे तो यंत्र भिंतीवर चढल्यानंतरचा. खोटा गजर झाला तर त्याचा भार कुणावर पडतो, कायदा काय म्हणतो, कुठे गप्प बसतो आणि गावाने, सोसायटीने, घरमालकाने आपापसांत कोणते नियम ठरवावेत, हे पुढच्या पानांत सविस्तर आहे. त्याआधी विषयाचा आवाका नीट दिसावा म्हणून हे चार शब्द.

मुद्दा सरळ आहे. अलार्म स्वतः काहीच अडवत नाही. तो फक्त कुणाला तरी हाक मारतो. यंत्र मालकाचं असतं, पण त्याच्या हाकेला ओ देणारी माणसं सगळ्यांची असतात: शेजारी, राखणदार, पोलीस पाटील, ठाण्यातले रात्रपाळीचे शिपाई. त्यांचा वेळ आणि विश्वास मोजका असतो. म्हणून हाक कशी, किती वेळ आणि कोणत्या खात्रीनंतर मारायची, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मालकाचा राहत नाही.

आधी या मुलखाची रचना पाहू. कर्जत आणि खालापूर मिळून महसुलाचा एकच उपविभाग आहे आणि प्रांत कार्यालय कर्जतला आहे. कर्जत तालुक्यात कर्जत, नेरळ आणि माथेरान ही पोलीस ठाणी, तर खालापूर तालुक्यात खालापूर, खोपोली आणि रसायनी. जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय पार अलिबागला. माणूस 112 फिरवतो तेव्हा कॉल आधी राज्याच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीला. कागदावर ही साखळी आटोपशीर वाटते. रात्री दोन वाजता कडाव-कशेळे-खांडसच्या रस्त्याने, पावसात, पाटी नसलेल्या फाट्यावर उभं राहून ‘दुसऱ्या डाव्या वळणावरचं निळ्या गेटचं घर’ शोधताना ती लांबलचक होते. माथेरानला तर मोटारबंदी आहे. तिथल्या खोट्या गजराचा हिशोब डिझेलमध्ये लागत नाही, माणसाच्या पायांत लागतो.

याच ठाण्यांच्या अंगावर दुसरं काय काय असतं तेही ध्यानात घ्यावं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतात. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ झांजपथकाची बस दरीत कोसळली, 13 जण गेले. त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री चौक गावाजवळच्या इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जण बेपत्ता असताना चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेला प्रत्येक जण पायी चढून गेला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांवरचा बंदोबस्त वेगळाच. मनुष्यबळ जवळपास तेवढंच असतं आणि रात्रगस्तीची गाडी एका वेळी एकाच ठिकाणी असते. रिकाम्या बंगल्यात पालीने वाजवलेला भोंगा बघायला ती गेली, तर तेवढ्या वेळापुरती ती दुसरीकडे कुठेच नसते. खोट्या गजराची खरी किंमत इथे मोजायची.

आता पालीकडे येऊ, कारण निम्मा विषय तिथेच आहे. खोलीच्या कोपऱ्यात लावतात तो पांढरा सेन्सर स्वतः काही सोडत नाही, तो नुसता बघतो. खोलीतल्या वस्तूंच्या अंगातून निघणारी उष्णता त्याच्या पुढच्या खाचखाचांच्या प्लॅस्टिक भिंगातून आत येते. आतल्या घटकाचे दोन भाग दोन बाजूंची उष्णता सतत ताडून पाहतात. माणूस चालत गेला की आधी एका भागाला, मग दुसऱ्याला फरक जाणवतो आणि गजर होतो. समोरून चार मीटरवरून गेलेली पाल त्याच्या खिजगणतीत नसते. पण तीच पाल भिंगावर चढून बसली, की त्याच्या दृष्टीने ती खोलीभर होते. भिंगाला चिकटलेला पतंग, आत घर केलेल्या मुंग्या, खिडकीतून थेट येणारं ऊन, पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा या सगळ्यांची तऱ्हा हीच. आणि एप्रिल-मेच्या दुपारी, पत्र्याखालची खोली माणसाच्या अंगाइतकी तापली, की उलटा घोळ होतो: फरकच उरत नाही आणि खरा माणूस समोरून गेला तरी यंत्राला तो धड दिसत नाही.

दारावरचं चुंबक त्याहून साधं. चौकटीत एक नळी, दाराच्या फळीवर एक चुंबक, मधे दीड-दोन सेंटिमीटरची सोय. दार बंद आहे तोवर मंडल जुळलेलं, दार सरकलं की तुटलं. कोकणातलं लाकडी दार मात्र बारा महिने एका मापाचं राहत नाही. या पट्ट्यात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलैत फळी फुगते, चौकटीत अडकते, वाऱ्याच्या झोताने हळूच मागे येते. उन्हाळ्यात बसवलेलं अंतर तेव्हा खोटं ठरतं. त्यात वीज जाते. पॅनलमध्ये सहसा 12 व्होल्टची, 7 अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी असते. ती नवी असताना रात्र काढते. चार वर्षांची झाली, की तिचा दाब झपाट्याने पडतो आणि काही पॅनल तो पडता दाब म्हणजे कुणी वायर तोडली असं समजून ओरडतात. मग वीज येते, धक्का बसतो, पुन्हा ओरडतात. मालकाला फोन लावणारं सिम अनेकदा रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं. म्हणजे ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही आणि ज्यांचा काही संबंध नाही ते जागे होतात.

किती दूरवरचे लोक जागे होतात, याचं गणित शाळेतलं आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 110 डेसिबल देणारा हूटर 10 मीटरवर 90, 100 मीटरवर 70 आणि किलोमीटरवर 50 डेसिबल भरतो. झाडी, चढउतार आणि पाऊस त्यातून काही वजा करतात. पण शांत दरीत, वाहनांचा आवाज नसताना, पलीकडच्या वाडीला तो स्पष्ट ऐकू येतो. ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम, 2000 प्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6.

इथून कायद्याकडे जाता येतं. घरफोडीच्या अलार्मसाठी स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. परवाना नाही, नोंदणी नाही, खोट्या गजराचा दर ठरलेला नाही. पण म्हणून मैदान अगदी मोकळंही नाही. वर सांगितलेल्या ध्वनी नियमांत रात्री आवाज करणारी साधनं वापरायला मनाई आहे. सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद त्यात आहे. खऱ्या चोरीच्या वेळी वाजलेल्या भोंग्यावर कुणी बोट ठेवणार नाही, पण मालक मुंबईत झोपलेला असताना सकाळपर्यंत वाजत राहिलेल्या भोंग्याला आणीबाणी म्हणणं अवघड आहे. मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबलने किंवा अधिक वाढला, तर तक्रार करण्याचा मार्ग त्याच नियमांत आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 38 त्रासदायक आवाज थांबवण्याचे अधिकार पोलीस अधीक्षकांना देतं. सार्वजनिक उपद्रव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये येतो आणि कलम 292 नुसार त्याला 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताधिकारी काढू शकतात, म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी कर्जतचं कार्यालय.

ही सगळी हत्यारं आवाजाविरुद्धची आहेत. पोलिसांची फुकट धाव हा वेगळा प्रश्न, आणि तिथे कायद्याची गंमत दिसते. लोकसेवकाला खोटी माहिती देणाऱ्यासाठी न्याय संहितेत कलम 217 आहे. एक वर्षापर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याची अट अशी, की माहिती खोटी आहे हे देणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणारा पोरगा या कलमात सापडतो, कारण तो जाणूनबुजून खोटं बोलत होता. आपल्या अडचणीत पोरगाच नाही. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याची चूक होते. मालकाला वाटतं खरंच चोर शिरला, म्हणून तो फोन करतो. शेजारी त्याच समजुतीने धावतो. गावाचा विश्वास मात्र गोष्टीतल्याइतकाच आटतो. लबाडीला शिक्षा सांगणारा कायदा आहे, निष्काळजीपणाच्या या प्रकाराला बांध घालणारा नियम नाही. ही पोकळी भरायची असेल तर ती दंडसंहितेने भरणार नाही, देखभालीच्या नियमांनी भरेल.

सुरक्षेच्या धंद्याबद्दल कायदा आहे, पण त्याचीही नजर माणसावर आहे. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, 2005 रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना, प्रशिक्षण आणि चारित्र्य-पडताळणी लावतो. राज्याचा 1981 चा कायदा सुरक्षारक्षकांच्या रोजगाराचा आणि कल्याणाचा आहे. गेटवरच्या काठीवाल्याची अशी कागदोपत्री झडती होते, आणि त्याच गेटवर रात्री गाव उठवणारं यंत्र बसवायला इलेक्ट्रिकचं जुजबी काम येणारा कुणीही चालतो.

बाहेर हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर झालेले प्रयोग आपल्या कामाचे आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्यासाठी तयार झालेल्या पोलीस मार्गदर्शिकेत, पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडी अलार्मच्या वर्द्यांपैकी 94 ते 98 टक्के खोट्या निघतात, असं नमूद आहे. तिथल्या बहुतेक शहरांनी परवाना आणि चढता दंड हा रस्ता धरला: पहिले एक-दोन गजर माफ, पुढचे महाग. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नातेवाईक असलेल्या पुष्कळ मराठी घरांना नगरपालिकेचं हे बिल ऐकून माहीत असेल. सॉल्ट लेक सिटीने 2000 च्या अखेरीस आणखी पुढचं पाऊल टाकलं. रिकाम्या घराचा अलार्म वाजला तर आधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन किंवा कॅमेऱ्यात बघून खात्री करायची, मगच पोलीस निघणार. अलार्मवरच्या पोलीस फेऱ्या तिथे जवळपास 90 टक्क्यांनी घटल्या.

ब्रिटनची पद्धत वेगळी. तिथे पोलिसांचा प्रतिसाद हवा असेल तर मान्यताप्राप्त कंपनीनेच यंत्रणा बसवावी लागते, तिला पोलिसांकडून क्रमांक मिळतो आणि 12 महिन्यांत तीन खोटे गजर झाले की तो प्रतिसाद काढून घेतला जातो. आवाजाचा बंदोबस्त 2005 च्या एका कायद्यात आहे. स्थानिक प्रशासन एखादा भाग अलार्म-सूचना क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मग तिथल्या घरमालकाने किल्ली सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव कळवायचं. सलग 20 मिनिटांपेक्षा जास्त किंवा थांबत-थांबत तासाभराहून अधिक वाजणारा भोंगा प्रशासनाचा माणूस आवारात शिरून बंद करू शकतो. या दोन देशांकडून मला घ्यावंसं वाटतं ते दंडाचं कोष्टक नाही. आधी खात्री, मग धाव. आणि किल्ली कुणाकडे, ते आधीच माहीत. या दोन गोष्टी पुरेत, आणि दोन्ही आपल्याकडे फुकटात होण्यासारख्या आहेत.

कारण धावण्याची यंत्रणा आपल्याकडे आधीपासून आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. पोलीस पाटलाचं पद 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने बांधलेलं आहे आणि गावातली खबर ठाण्याला देणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. राज्याच्या अनेक जिल्ह्यांत मोबाइलवरची ग्रामसुरक्षा यंत्रणाही रुजली आहे. नोंदलेल्या माणसाने टोल-फ्री क्रमांक लावून संदेश बोलायचा, तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी कॉल होऊन वाजतो. तिच्यात एक शहाणपण आहे: संदेश देणाऱ्याने आधी स्वतःचं नाव आणि गाव सांगायचं, मग काय घडलं ते. हाकेमागे माणूस उभा राहतो, त्यामुळे हाक तोलून मारली जाते. बंद बंगल्यावरच्या हूटरच्या मागे असं कुणी उभं नसतं.

मात्र गावाची धाव ही दुधारी गोष्ट आहे, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावाजवळ चोर फिरत असल्याच्या अफवेने जागत असलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांचा जीव घेतला. तिथे कुठलंही यंत्र वाजलं नव्हतं. पण रात्रभर वाजणारा भोंगा, व्हॉट्सॲपवर फिरणारा अंधुक फोटो आणि हातात काठ्या घेतलेली चार पोरं एकत्र आली, की तशा रात्रीला लागणारं सगळं साहित्य जमा होतं. कर्जत-खालापुरात या संशयाची दिशाही ठरल्यासारखी असते. फार्महाऊसमध्ये खुट्ट झालं की बोट आधी जवळच्या कातकरी वाडीकडे किंवा घर सांभाळणाऱ्या जोडप्याकडे जातं. कातकरी ही केंद्राने विशेष दुर्बल ठरवलेल्या आदिवासी समूहांपैकी एक जमात. रोजगारासाठी वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर बाहेर असलेली ही माणसं. नादुरुस्त सेन्सरपायी त्यांच्यातल्या कुणाला ठाण्याची पायरी चढावी लागते, तेव्हा खोटा गजर ही नुसती झोपमोड राहत नाही.

खालापूर तालुक्याला आणखी एक कारण आहे. खोपोली आणि रसायनी हे कारखान्यांचे पट्टे. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना 1989 च्या नियमांप्रमाणे आणीबाणीचे आराखडे करावे लागतात. गळती झाली तर सायरन वाजणार, आणि तो ऐकून आसपासच्या वस्तीने काय करायचं हे त्या आराखड्यात अपेक्षित असतं. त्या परिसरात खासगी हूटरने कारखान्याच्या सायरनसारखाच चढ-उताराचा सूर लावणं म्हणजे धोक्याच्या खुणेची किंमत घालवणं आहे. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, आणि त्या तणावाच्या दिवसांत केंद्रीय गृह मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांना कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज वापरू नका, असं कळवलं. कारण दिलं ते हेच: सारखा ऐकला तर लोकांना त्याची सवय होईल आणि खऱ्या वेळी ते हलणार नाहीत. टीव्हीच्या पडद्याला लागू असलेला हा विचार आपल्या छपराला लागू करायला हरकत नसावी.

आता दोन आक्षेप, जे बैठकीत हमखास निघतात. पहिला: माझं घर, माझे पैसे, माझा अलार्म, गावाने त्यात का पडावं? घराच्या आत वाजणारी घंटा आणि मालकाच्या मोबाइलवर येणारा इशारा यांत कुणी पडूच नये. हूटर छपराबाहेर लावला की मालकाने शेजाऱ्याकडून काम मागितलं असं होतं. काम मागणाऱ्याने अटी ऐकाव्यात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: पोलिसांनी यायचं नाही तर त्यांचा उपयोग काय? इथे एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. घरात माणूस आहे आणि त्याने धोक्याचं बटण दाबलं आहे, एकटी आजी आहे, दुकानात गल्ल्यावर कुणी बसलेलं आहे, अशा हाकेला खात्रीची अट कधीही लावू नये. तिथे आधी धावायचं, मग विचारायचं. खात्रीचा नियम फक्त रिकाम्या घराच्या सेन्सरसाठी. या दोन हाकांना एकाच मापाने मोजलं, तर एक तर आजीला मदत उशिरा मिळेल किंवा पोलीस रात्रभर पाली मोजत फिरतील.

या पुस्तिकेने सुचवलेले नियम मोजके आहेत. बाहेर हूटर असलेल्या प्रत्येक बंद घराची नोंद ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत आणि बीट अंमलदाराकडे असावी: घराचा नेमका ठावठिकाणा, मालकाचा फोन, आणि अर्ध्या तासात पोचू शकतील अशा दोन किल्लीदारांची नावं. हूटर 10 मिनिटांनी आपोआप थांबावा आणि एका रात्रीत पुन्हा फार तर एकदाच वाजावा. आवाजाने पळणारा चोर पहिल्या मिनिटांतच पळतो, न पळणाऱ्याला पुढचे तीन तासही पळवत नाहीत. पॅनलमधल्या आपोआप लागणाऱ्या क्रमांकांत 112 कधीही भरू नये. तो फोन माणसाने करायचा, दोन सेन्सर पाठोपाठ वाजल्यावर, कॅमेऱ्यात दिसल्यावर किंवा कुणी बाहेरून फुटलेलं कुलूप पाहिल्यावर. बघायला जाणाऱ्यांनी दोघांनी मिळून जायचं, बॅटरी मारायची, गाडीचा नंबर टिपायचा, आत शिरायचं नाही, पाठलाग करायचा नाही, अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम बाकी सगळ्यांहून मोठा समजावा.

वर्षभरात तिसरा खोटा गजर झाला, की दुरुस्तीची पावती दाखवेपर्यंत बाहेरचा हूटर बंद ठेवायचा. मोबाइलवरचा इशारा चालू राहीलच. दंड आकारण्याच्या भानगडीत ग्रामपंचायतीने पडू नये. त्याऐवजी रात्री उठून जाणाऱ्या किल्लीदाराला प्रत्येक फेरीचे ठरलेले पैसे मालकाने द्यावेत, असा लेखी करार असावा. आपल्या खिशातून दोनदा पैसे गेले, की सेन्सर साफ करायची आठवण आपोआप होते. आणि देखभालीचा मुहूर्त आपल्याकडे ठरलेलाच आहे. मृगाच्या आधी कौलं चाळायची, पागोळ्या काढायच्या, त्याच आठवड्यात भिंग पुसायचं, चुंबकाचं अंतर बघायचं, बॅटरी तपासायची, सिमचं रिचार्ज करायचं, फांद्या छाटायच्या.

घर सांभाळणाऱ्या जोडप्यासाठी पुस्तिकेत वेगळं प्रकरण ठेवलं आहे, कारण सारी यंत्रणा शेवटी त्यांच्या खांद्यावर असते आणि त्यांना कुणी काही शिकवत नाही. कोड त्यांना ठाऊक असावा. हूटर कसा बंद करायचा, कुणाला फोन लावायचा, हे पॅनलशेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. गजर झाल्यावर त्यांची चौकशी करायची तर ती मालकासमोर, दिवसाउजेडी व्हावी. रात्री गाव उठवणाऱ्या यंत्राची जबाबदारी टाकायची आणि संशयही त्यांच्यावरच घ्यायचा, हा उफराटा न्याय थांबला पाहिजे.

पोलिसांसाठी, पंचायतींसाठी आणि अलार्म बसवणाऱ्या कारागिरांसाठी स्वतंत्र पानं आहेत. ज्याने त्याने आपली वाचली तरी चालेल. कारागिरांना एवढंच सांगणं, की हूटर वाजवून दाखवणं म्हणजे काम पुरं झालं असं नाही. तो कसा बंद होतो आणि किल्लीदाराचा फोन खरोखर लागतो का, हे दाखवूनच पैसे घ्यावेत.

यातल्या एकाही नियमासाठी मुंबईहून अधिसूचना यायची वाट बघायला नको. कायदा कधी होईल तेव्हा होवो. तोवर ठराव, करार आणि एक वही पुरेशी आहे. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी 1 मे या कामासाठी सोयीची. पाऊस महिनाभर लांब असतो आणि सुट्टीमुळे फार्महाऊसवाले मालकही गावात सापडतात. त्या दिवशी विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, मालकांना आवर्जून बोलवावं, किल्लीदारांची नावं तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यावीत आणि वहीची प्रत दुसऱ्या दिवशी ठाण्यात नेऊन द्यावी. पुढचा भोंगा वाजेल तेव्हा ठाणे अंमलदाराला निदान एवढं माहीत असेल, की आधी फोन कुणाला करायचा.